हा कागद शेठकडे जाणार का? ट्रकचालकांची आरोग्य तपासणी आणि आपला डेटा

"ट्रकचालकांच्या आरोग्यावर काम करू का?" पीएचडीचा विषय शोधणाऱ्या कुणाचा ना कुणाचा हा प्रश्न मला अधूनमधून येतोच. माझं उत्तर एकच असतं: जरूर करा, आणि नाशिकला असाल तर नक्कीच करा. मुंबई-आग्रा महामार्ग शहराच्या मधोमध जातो. पिंपळगाव-लासलगावचा कांदा आणि टोमॅटो, सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांचा माल, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून निघणारे इंधनाचे टँकर. आडगावच्या ट्रक टर्मिनसवर एक दुपार काढली तरी दहा राज्यांच्या नंबर प्लेटी दिसतात. म्हणजे नमुना मिळायची अडचण नाही.

अडचण पुढे आहे, आणि ती प्रस्ताव लिहिताना सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. थर्मामीटर पाण्यात बुडवला तर पाण्याला त्याची फिकीर नसते. माणसाला असते. एखादं मोजमाप माणसाची रोजीरोटी ठरवणार असेल, तर तो माणूस त्या मोजमापाशी वेगळा वागतो. मालकाने किंवा कंपनीने करून घेतलेली वैद्यकीय तपासणी हे याचं अगदी शुद्ध उदाहरण. म्हणून विषय ट्रकचालकांचा असला तरी हा लेख कामगार आरोग्यावर काम करू इच्छिणाऱ्या सगळ्यांसाठी आहे.

आधी कायदा थोडक्यात पाहू. मोटार वाहन अधिनियम १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ यांच्याखाली दोन फॉर्म लागतात. फॉर्म १ मध्ये अर्जदार स्वतःच्या तब्येतीबद्दल स्वतःच घोषणा करतो. फॉर्म १-अ हे डॉक्टरांचं प्रमाणपत्र. त्यातले प्रश्न असे: दृष्टिदोष आहे का, चष्म्याने सुधारतो का, चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग वेगळा ओळखता येतो का, रातांधळेपणा किंवा बहिरेपणा आहे का, गाडी चालवण्याच्या आड येईल असं हातापायाचं व्यंग आहे का. (रंगांधळेपणाचा नियम जून २०२० मध्ये सैल झाला, सौम्य ते मध्यम स्वरूपाचा असेल तर आता लायसन्स मिळतं.) रक्तदाब, साखर, झोप यांच्यासाठी त्यात रकाना नाही. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं, त्यासाठीही नाही.

मालवाहू गाडीचं लायसन्स २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांचं झालं, त्याआधी तीन वर्षांचं होतं. आता याच्या शेजारी गाडी ठेवून बघा. नव्या ट्रकचं फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी करावं लागतं आणि त्यानंतर दरवर्षी. म्हणजे दहा वर्षं जुना ट्रक वर्षातून एकदा तपासला जातो आणि तो चालवणारा पन्नाशीचा माणूस पाच वर्षांतून एकदा. तुम्ही चालकाला "फिटनेस झालंय का?" असं विचारलंत तर तो सरळ गाडीचा कागद काढून दाखवेल. प्रश्नावली तयार करताना हा शब्द टाळा. "मेडिकल" म्हणा, लगेच समजतं.

सरकारी फॉर्मच्या पलीकडचं जे मेडिकल असतं ते मागतो तो माल देणारा किंवा गाडीचा मालक. मोठा कारखाना वाहतुकीचं कंत्राट देताना चालकाच्या तपासणीची अट घालतो, ट्रान्सपोर्टवाला ती मालकावर ढकलतो आणि मालक चालकाला सांगतो, "उद्या जाऊन करून ये." कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतल्या सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत ठरावीक वयापुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी मालकाने करायची आहे, आणि हे वय केंद्र सरकारने ४० सांगितलं आहे. ऐकायला छान आहे. पण ही संहिता मोटार वाहतुकीच्या उपक्रमाला लागू होते ती दहा किंवा जास्त कामगार असतील तर. आपल्याकडे बहुतेक ट्रक एक-दोन-तीन गाड्यांच्या मालकांचे असतात. त्यांचे चालक या चौकटीबाहेरच राहतात.

आता चालकाच्या जागी बसून बघा. खेपेवर पैसे मिळतात. गाडी उभी राहिली की कमाई उभी राहते. हातात दुसरं कसब नाही. डॉक्टरने "अनफिट" लिहिलं तर उद्या त्या सीटवर दुसरा माणूस बसेल. अशा वेळी "तुम्हाला चक्कर येते का?" या प्रश्नाचं उत्तर काय येणार? "नाही साहेब, एकदम ठणठणीत." डोळ्यांच्या तक्त्याच्या खालच्या ओळी आधी आत जाऊन आलेल्याकडून पाठ होतात. बीपीची गोळी चालू असेल तर ती सांगितली जात नाही. याला मी खोटेपणा म्हणणार नाही, आणि तुम्हीही तुमच्या प्रबंधात म्हणू नका. तो हिशोब आहे, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर बरोबर हिशोब आहे. टर्मिनसवर मी माझी प्रश्नावली घेऊन बसलो असताना एका चालकाने पहिल्या प्रश्नाआधीच विचारलं, "हा कागद शेठकडे जाणार का?" माझ्या अठ्ठेचाळीस प्रश्नांपेक्षा त्याचा हा एक प्रश्न जास्त शास्त्रीय होता असं माझं मत आहे. उत्तर "हो" असतं तर पुढच्या अठ्ठेचाळीस उत्तरांचा अर्थच बदलला असता.

झोपेचं उदाहरण घेऊ, कारण इथे मोजमापाचा प्रश्न सगळ्यात स्पष्ट दिसतो. स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत घसा बंद होऊन श्वास पुन्हा पुन्हा अडणं. रात्रभर झोपूनही माणूस दिवसा पेंगतो. जाड मान, वाढलेलं वजन, जोरात घोरणं ही त्याची नेहमीची लक्षणं. दिवसाची झोप मोजायला जगभर एपवर्थ स्केल वापरतात. मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलमधल्या मरे जॉन्स यांनी ती १९९१ मध्ये मांडली. आठ प्रसंग दिलेले असतात, जसं वाचताना, टीव्ही बघताना, जेवणानंतर शांत बसलेलं असताना. प्रत्येक वेळी डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३ मध्ये सांगायची. एकूण २४ पैकी १० च्या वर गेलं की शंका घ्यायची. झोपेच्या दवाखान्यात, स्वतःहून उपचाराला आलेल्या माणसावर ही स्केल चांगली चालते. तीच नोकरीच्या तपासणीत दिली की गुण विश्वास बसणार नाही इतके खाली येतात, हे अमेरिकेतल्या ट्रकचालकांवरच्या अभ्यासांत दिसून आलं आहे. स्केल तीच, माणसंही तशीच, फक्त कागद कुणाकडे जातो ते बदललं.

हे आकड्यांत किती फरक पाडतं ते समजून घेण्यासाठी एक मनचं गणित करू. खालचे सगळे आकडे मी धरलेले आहेत, कुठल्याही सर्वेक्षणाचे नाहीत. १००० चालक आहेत, त्यातल्या २०० जणांना खरोखर स्लीप अ‍ॅप्निया आहे. चाचणीची संवेदनशीलता ८०% आणि विशिष्टता ८०%. तर २०० पैकी १६० सापडतील, ४० सुटतील. आजार नसलेल्या ८०० पैकी १६० जणांवर उगाच शिक्का बसेल. एकूण ३२० "पॉझिटिव्ह", त्यांतले निम्मे चुकीचे. आता तीच प्रश्नावली मालकाच्या ऑफिसात भरून घ्या. सगळेच "नाही, नाही" म्हणू लागले, म्हणून संवेदनशीलता ३०% वर आली आणि विशिष्टता वाढून ९५% झाली असं समजा. आता आजारी ६० सापडले, निरोगी ४० चुकून अडकले, एकूण १००. तुमच्या तक्त्यात आजाराचं प्रमाण एकदा ३२% आणि एकदा १०%. खरं प्रमाण दोन्ही वेळा २०%. आणि दुसऱ्या वेळी १४० आजारी माणसं "फिट" असा कागद खिशात घालून कसारा घाट उतरतायत.

चाचणीची संवेदनशीलता आणि विशिष्टता हा तिचा कायमचा गुणधर्म असल्यासारखं आपण पुस्तकात वाचतो. तसं नसतं. चाचणी कुठे, कुणावर आणि कशासाठी केली यावर दोन्ही हलतात. मुलाखतीत गाइडने विचारलं तर एवढं जरी सांगता आलं तरी बरं पडतं.

मालकाने सक्तीने केलेल्या तपासणीवरचा माझ्या वाचनातला सगळ्यात उपयोगी अभ्यास २०१६ चा आहे. 'स्लीप' या नियतकालिकात बर्क्स आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रक कंपनीने आपल्या चालकांची स्लीप अ‍ॅप्नियासाठी तपासणी सक्तीची केली, निदान झालेल्यांना रात्री नाकावर लावायचं हवेच्या दाबाचं यंत्र दिलं आणि उपचार चालू ठेवणं हीदेखील अट केली. संशोधकांनी अशा १६०० हून अधिक चालकांची तुलना आजाराची शक्यता नसलेल्या २००० च्या आसपास चालकांशी केली. यंत्र अजिबात न वापरणाऱ्यांच्या टाळता येण्याजोग्या गंभीर अपघातांचं प्रमाण तुलनेतल्या चालकांच्या पाचपट निघालं. यंत्र नीट वापरणाऱ्यांचं प्रमाण तुलना गटाच्या जवळपास होतं.

या अभ्यासात शिकण्यासारख्या तीन गोष्टी मला दिसतात. पहिली, त्यांनी चालकाला "यंत्र लावता का?" असं विचारलंच नाही. यंत्र स्वतः तासांची नोंद ठेवतं. जिथे उत्तराला किंमत मोजावी लागते तिथे तोंडी उत्तरावर विसंबू नका, ही ती युक्ती. दुसरी गोष्ट, पाचपट हा आकडा वाचून "यंत्रामुळे अपघात पाचपट कमी होतात" असं लिहू नका. जो माणूस सांगूनही यंत्र लावत नाही, तो वेगमर्यादाही पाळत नसेल, कमी झोपत असेल, सीटबेल्टही लावत नसेल. कुणाला यंत्र वापरू द्यायचं आणि कुणाला नाही हे नाणं उडवून ठरवलेलं नव्हतं. ते चालकांनी स्वतः ठरवलं होतं. तिसरी गोष्ट लेखकांनीच नोंदवली आहे आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते: उपचार नाकारणारा चालक ती कंपनी सोडून, निदान स्वतःपाशी ठेवून, दुसऱ्या कंपनीत ट्रक चालवू शकत होता. एका कंपनीचे रस्ते सुरक्षित झाले, म्हणजे महामार्ग झाला असं नाही.

यावरून आपल्याकडच्या नमुन्याकडे येऊ. कामगार आरोग्यात 'हेल्दी वर्कर इफेक्ट' नावाची जुनी अडचण आहे. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम ओगल यांनी व्यवसायांनुसार मृत्यूदर मांडताना ती ओळखली होती: कष्टाच्या कामात धडधाकट माणूसच शिरतो आणि आजारी पडला की बाहेर पडतो, म्हणून ते काम आहे त्यापेक्षा निरोगी दिसतं. पानेवाडीच्या डेपोबाहेर थांबलेले टँकरचालक तुमच्या नमुन्यात घेतलेत असं समजा. धोकादायक माल वाहण्यासाठी लायसन्सवर वेगळी नोंद लागते, प्रशिक्षण लागतं. चाळण आधीच लागलेली आहे. तिथल्या निष्कर्षावरून लासलगावहून कांदा घेऊन निघालेल्या चालकाबद्दल काही म्हणता येणार नाही. आणि आरोग्यामुळे ज्याने ट्रक सोडला तो तर यातल्या कुठल्याच रांगेत नाही. तो निफाड तालुक्यातल्या त्याच्या गावी किराणा दुकानात बसलाय किंवा घरी पडून आहे. शक्य असेल तर अशा निदान पंधरा-वीस माजी चालकांना शोधा. प्रबंधातलं एक प्रकरण त्यांच्यावर उभं राहील.

उलट दिशेचीही गफलत होते. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांच्या हस्ते एक अहवाल प्रसिद्ध झाला. आयआयटी दिल्लीच्या तांत्रिक मदतीने देशभरातल्या सुमारे ५० हजार चालकांची तपासणी त्यात होती. ५५.१% चालकांना दृष्टीचा त्रास, ५७.४% चा रक्तदाब वाढलेला, १८.४% ची साखर काठावर किंवा जास्त, असे आकडे बातम्यांत आले. या माणसांकडे लायसन्स आहे, म्हणजे कधीतरी कुठल्यातरी डॉक्टरने फॉर्मवर सही केलेली आहे. हा विरोधाभास विषय म्हणून घ्यायला उत्तम. पण असे आकडे उचलताना स्वतःला विचारा: शिबिरात कोण येतो? ज्याला धूसर दिसतं तो चष्म्याच्या आशेने येतो, ज्याला नीट दिसतं तो चहा पिऊन पुढे निघतो. आणि रक्तदाब किती वेळा मोजला? इंदूरहून रात्रभर गाडी हाकून आलेल्या, तंबाखू मळत उभ्या असलेल्या माणसाचा एकदाच घेतलेला रक्तदाब हा त्याचा रक्तदाब नव्हे. पाच मिनिटं शांत बसवा, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, निदान दोन वेळा मोजा. वेळ जातो, पण जाऊ द्या.

मग असा प्रश्न येतो की खरं सांगण्याची किंमत कमी कशी होईल? इथे एसटीचा चालक आणि ट्रकचा चालक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २०(४) नुसार सरकारी आस्थापनेला, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही. त्याला दुसरं काम द्यावं लागतं. कायद्याने स्थापन झालेली महामंडळं त्यात येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणाच्या परिवहन महामंडळातल्या एका बसचालकाचा निकाल दिला. नियमित तपासणीत त्याला रंगांधळा ठरवून नोकरीतून कमी केलं होतं. न्यायालयाने एका जुन्या कामगार कराराचा आधार घेत त्याला दुसरं योग्य काम द्यायला सांगितलं. तीन ट्रकच्या मालकाकडे मात्र चालकाला द्यायला दुसरं काम नसतंच, आणि हे कलम त्याला लागूही नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७ चा एक निकालही वाचून ठेवा. पक्षकारांची नावं झाकून तो 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' म्हणून ओळखला जातो. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका संस्थेने हंगामी कामगाराला वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही निघाला म्हणून काम नाकारलं होतं. न्यायालयाने म्हटलं की माणूस ते काम करायला सक्षम असेल आणि इतरांना त्याच्यापासून ठोस धोका नसेल, तर केवळ त्या कारणाने काम नाकारता येणार नाही. म्हणजे तपासणीचा संबंध कामाशी असला पाहिजे. पुढे २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने नोकरीसाठी ही चाचणी सक्तीची करायलाच बंदी आली. ट्रकचालकांकडे अनेक वर्षं 'आजार पसरवणारे' म्हणून पाहिलं गेलं. त्यांची अढी तिथून आलेली आहे. तुमच्या यादीतल्या प्रत्येक तपासणीपुढे "ही गाडी चालवण्याशी कशी जोडलेली आहे?" याचं एक वाक्य लिहा. लिहिता आलं नाही तर ती तपासणी काढून टाका.

आता सगळ्यात अवघड भाग. मोजता मोजता एकाचा रक्तदाब २००/१२० निघाला, किंवा एकाने विश्वासाने सांगितलं की मागच्या महिन्यात फिट आली होती. आज रात्री त्याला सुरतला निघायचंय. मालकाला सांगायचं? न सांगावं असं माझं मत आहे, पण गप्पही बसू नये. चालकाला त्याच वेळी, बाजूला घेऊन, स्पष्ट सांगायचं. त्याच दिवशी डॉक्टर दाखवण्याची सोय आधीच करून ठेवायची. आणि गाडी न नेण्याचा सल्ला डॉक्टरकडून मिळेल असं बघायचं. तरीही तो गाडीवर बसला तर? गोपनीयतेला अपवाद असू शकतात. पण अपवाद कुठला, निर्णय कोण घेणार, हे नैतिकता समितीपुढच्या अर्जात आणि चालकाला वाचून दाखवायच्या संमतिपत्रात आधीच लिहिलेलं हवं. टर्मिनसवर उभं राहून ठरवायची ही गोष्ट नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वरिष्ठांच्या हाताखाली काम करणाऱ्यांना असुरक्षित गटात धरलं आहे, म्हणून मालकासमोर घेतलेली संमती ही संमती समजू नका. जागाही तशी निवडा. मालकाच्या ऑफिसपेक्षा धाब्याची बाज बरी.

मालक परवानगी देताना एक गोष्ट हमखास मागेल: "कुणाला काय आहे त्याची यादी द्या, आम्ही त्यांचं भलंच करू." कदाचित खरंच करेल. तरी यादी द्यायची नाही, आणि हे पहिल्याच भेटीत सांगायचं, मग परवानगी गेली तरी चालेल. नावं आणि उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी, उत्तरांवर फक्त क्रमांक. "एकत्रित आकडे देतो" असं म्हणून सुटका होत नाही, हेही लक्षात घ्या. पाच चालकांच्या मालकाला "दोघांना शुगर आहे" एवढं सांगितलं तरी चहात साखर नको म्हणणारे दोघे कोण हे त्याला दोन दिवसांत कळतं. म्हणून निदान सात-आठ ट्रान्सपोर्टवाल्यांचे चालक एकत्र करूनच आकडे द्या, आणि तक्त्याच्या ज्या चौकटीत दहापेक्षा कमी माणसं असतील ती चौकट मालकाच्या प्रतीत रिकामी ठेवा.